दोन सायकली आणि एक छोटी गाडी: कॅरिअर घेण्याआधी टेप काढा

प्रश्न नागपूरच्या मनीषनगरातल्या एका गृहस्थांचा आहे, थोडक्यात असा: घरी सेलेरिओ आहे, पेट्रोलची. रविवारी पहाटे नवरा-बायको रामटेक-खिंडसीकडे किंवा उमरेड रोडने सायकली घेऊन जातात. एक सायकल हायब्रीड, दुसरी २७.५ इंची एमटीबी (माउंटन बाइक). महिन्यातून एकदा आठ वर्षांचा मुलगाही सोबत असतो. डिक्कीवर पट्ट्यांनी बांधायचा कॅरिअर ऑनलाइन अडीच-तीन हजारांत मिळतोय. तो घ्यावा का, आणि मायलेज किती पडेल?

भाऊ, कोणता कॅरिअर घ्यायचा हे नंतर ठरेल. आधी दोन गोष्टी पाहा: गाडीत माणसं किती, आणि सायकलीची लांबी गाडीच्या रुंदीत मावते का. दोघंच असाल तर माझं उत्तर सरळ आहे. काहीच विकत घेऊ नका, दोन्ही सायकली आत घाला. तिघं असाल त्या दिवशी गणित बदलतं. गाडी सीएनजी असती तर तेही वेगळं झालं असतं, कारण डिक्कीतल्या सिलिंडरमुळे सपाट जागाच उरत नाही (सिलिंडर तळाखाली दडवलेल्या काही गाड्या सोडून). तुमची पेट्रोलची आहे म्हणून पुढचं सगळं लागू पडतं.

मापं घेऊ. मोठ्या माणसाच्या सायकलीची टायरपासून टायरपर्यंत लांबी १७० ते १८५ सेंमी असते. पुढचं चाक काढलं की ती १४० च्या आसपास येते. दोन्ही चाकं काढली की उरलेला सांगाडा १०५ ते ११० सेंमी. पुढचा चिमटा, म्हणजे फोर्क, उलटा फिरवता आला तर आणखी आठ-नऊ सेंमी वाचतात. मात्र ब्रेकची केबल किंवा होज ताणली जात असेल तर जबरदस्तीने फिरवू नका, आडवा ठेवला तरी चालतो. आता मागची सीट दुमडा, पुढची सीट एक-दोन खाचे पुढे सरकवा आणि पुढच्या सीटच्या पाठीपासून डिक्कीच्या बंद दारापर्यंत टेप लावा. १४५ सेंमी मिळाले तर फक्त पुढचं चाक काढून काम होईल. १२० ते १४० मिळाले तर दोन्ही चाकं काढावी लागतील. चालवणारा उंच असेल तर त्याची सीट त्याच्या नेहमीच्या जागेवर ठेवूनच मोजा. रिकाम्या गाडीत मोजलेलं माप पहाटे साडेचारला खोटं पडतं.

आत घालण्याची पद्धत नीट सांगतो, कारण नुकसान सगळं इथेच होतं.

पार्सल ट्रे घरी ठेवा, मागच्या सीटचे हेडरेस्ट काढा. तळाला जुनी गोधडी अंथरा. चादर नको, पातळ पडते आणि चेनरिंगचे, म्हणजे पेडलजवळच्या चकतीचे, दात तिच्यातून सीटच्या पाठीत घुसतात. सायकल उभी असतानाच गिअर मागच्या सर्वांत छोट्या चकतीवर आणा, म्हणजे मागचं चाक काढताना चेन सैल मिळते. पुढे दोन-तीन चेनरिंग असतील तर चेन मोठीवर ठेवा. दात चेनखाली झाकले जातात आणि कशात अडकत नाहीत.

चाक काढण्याआधी ब्रेक बघा. रिमचा व्ही-ब्रेक असेल तर वरची वाकडी नळी खाचेतून सोडवा, नाहीतर फुगलेला टायर बाहेर निघणार नाही. डिस्क ब्रेक असेल तर चाक निघाल्याबरोबर दोन ब्रेक पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी किंवा सायकलीसोबत आलेला प्लास्टिकचा तुकडा घाला. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, ब्रेकमध्ये हे विसरलात आणि वाटेत कुणाचा हात लिव्हरवर पडला, की पिस्टन आत येतात आणि खिंडसीला पोहोचल्यावर डिस्क त्या फटीत शिरतच नाही. मग टायर लिव्हरने पॅड उघडत बसायचं.

क्विक रिलीज (पान्याशिवाय चाक सोडवणारा खटका) असेल तर तो उघडल्यावर पलीकडचा नट तीन-चार फेरे सैल करावा लागतो, कारण चिमट्याच्या टोकाला चाक निसटू नये म्हणून ओठ दिलेले असतात. नट पूर्ण काढू नका. आतल्या दोन छोट्या स्प्रिंग पडल्या की अंधारात सापडत नाहीत. साध्या नटाच्या सायकलीला बहुधा १५ नंबरचा पाना लागतो, काहींना १४ चा. पेडलही काढा. तिथेही १५ नंबरच, पण पातळ तोंडाचा पाना. डाव्या पेडलचा आटा उलटा असतो. लक्षात ठेवायची युक्ती अशी: पाना वर उभा धरा आणि सायकलीच्या मागच्या चाकाकडे ओढा, दोन्ही बाजूंचं पेडल सुटतं. पुढे ओढलं की आवळतं. आट्यांना ग्रीस लावून ठेवलं नसेल तर पहिल्यांदा खूप जोर लागेल, म्हणून हे काम शनिवारी संध्याकाळी करून बघा.

चाक काढलेल्या चिमट्याच्या दोन टोकांमध्ये १०० मिमी लांबीचा लाकडाचा किंवा पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवून सुतळीने बांधा. जुन्या पद्धतीच्या पुढच्या हबची रुंदी तेवढीच असते. थ्रू-एक्सल (चाकातून आरपार जाणारी जाड दांडी) असेल तर एक्सलच परत घालून ठेवा. वरून वजन आलं तरी चिमट्याची टोकं मग आत दबत नाहीत.

आता सायकल आत सरकवा, चेनची बाजू वर. हा एक नियम मोडला तर दिवस वाया जातो. चेनच्या बाजूला मागे गिअर बदलणारा जो डिरेलर लोंबतो तो एका मऊ अॅल्युमिनिअमच्या कानावर अडकवलेला असतो. तो कान मुद्दाम मऊ ठेवतात, आपटलं तर फ्रेमऐवजी तो वाकावा म्हणून. सायकल त्या बाजूवर आडवी केली की कान दोन-तीन मिमी आत वळतो. डोळ्यांना कळत नाही, पण चढावर सर्वांत हलका गिअर टाकला की डिरेलर चाकाच्या आऱ्यांत जातो. मग डिरेलर तुटतो, आरे कापले जातात आणि सायकल खांद्यावर घेऊन परत यावं लागतं. जुन्या जीन्सचा एक पाय कापून चेन आणि डिरेलरवर चढवा. सीटला वंगण लागणार नाही. चेनचं काळं तेल सीट कव्हरमधून निघत नाही, घरात त्यावरून होणारं भांडण वेगळंच.

पहिली सायकल हँडल पुढे करून, त्यावर दुसरी गोधडी, त्यावर दुसरी सायकल हँडल मागे करून. उलटसुलट ठेवल्याने हँडलवर हँडल येत नाही आणि उंची कमी होते. दोन्ही हँडल सायकलीच्या सरळ रेषेत वळवा. जड सायकल खाली, म्हणजे तुमची एमटीबी. चाकं सगळ्यांत वर, डिस्कची बाजू आकाशाकडे. डिस्कवर वजन पडलं की ती लहरते आणि प्रत्येक फेऱ्याला ‘खस्स-खस्स’ करते. तेलकट हातही तिला लावू नका, ब्रेक धरत नाही.

आणि बांधा. गाडीच्या आत आहे म्हणून लोक बांधत नाहीत. ५० च्या वेगाने धडक बसली की १५ किलोची सायकल क्षणभर तीनशे किलोंच्या ताकदीने पुढच्या सीटच्या पाठीवर येते. मागच्या सीटचे पट्टे फ्रेममधून ओवून बकलमध्ये अडकवा. ते पुरत नसतील तर पंक्चरवाल्याकडून जुनी ट्यूब मागून आणा, लांबीत कापून दोन पदरी गाठ मारा. ट्यूबची पकड नायलॉनच्या दोरीपेक्षा चांगली, आणि रंगावर चरे पडत नाहीत.

पहिल्या वेळी या सगळ्याला अर्धा तास लागेल, तिसऱ्या-चौथ्या रविवारी बारा-पंधरा मिनिटं. मायलेजवर परिणाम जवळजवळ शून्य. तीस किलो वजन म्हणजे डिक्कीत एक सुटकेस.

आता तिघं असतात तो दिवस. तुमच्या व्हेरिएंटला ६०:४० दुमडणारी सीट असेल तर मोठा भाग दुमडून एक सायकल नक्की बसते. खटपट केली तर दोन्हीही बसवता येतील. पण मुलाच्या शेजारी उघड्या दातांचं चेनरिंग आणि चाकांचा ढीग, हे मी सांगणार नाही. कितीही बांधलं तरी नाही. त्या दिवशी सायकली बाहेर लावा, नाहीतर एकच न्या.

बाहेर म्हणजे मागे की वर? तुम्ही विचारलेला पट्ट्यांचा कॅरिअर मागे लागतो. स्वस्त आहे, पाच मिनिटांत चढतो, सायकल डोक्यावर उचलावी लागत नाही. तरी छोट्या गाडीसाठी मी तो दुसऱ्या क्रमांकावरही ठेवत नाही. सेलेरिओची रुंदी १६५.५ सेंमी. सायकल आडवी लावली की ती १७५ ते १८० सेंमी, म्हणजे दोन्ही बाजूंनी पाच-सात सेंमी टायर बाहेर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४(१अ) आलं आहे. गाडीवरचा माल अंगाबाहेर, मागे किंवा उंचीत परवानगीपलीकडे गेला तर दंड २०,००० रुपये, शिवाय माल उतरवून घेण्याची जबाबदारी तुमची. ते मुख्यतः मालगाड्या समोर ठेवून आणलं आहे, रविवारी पहाटे कामठी रोडवर कुणी सायकलीला टेप लावेल असं नाही. पण कायद्याचे शब्द ‘मोटार वाहन’ असेच आहेत, आणि अपघात झालाच तर विमा कंपनीच्या हातात मुद्दा कशाला द्यायचा? पुढचं चाक काढून लावलं तर हा प्रश्न सुटतो, सायकल १४० मध्ये येते.

नंबर प्लेटचा मात्र सुटत नाही. प्लेट डिक्कीच्या दारावर असो की बंपरवर, दोन सायकलींच्या मागे ती आणि निम्मे टेललॅम्प झाकले जातात. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार प्लेट स्पष्ट दिसलीच पाहिजे. कॅरिअरवर दुसरी प्लेट लावायची म्हटली तर हाय सिक्युरिटी प्लेट गाडीच्या नावाने ठरावीकच मिळतात, दुकानातून रंगवून आणलेली चालत नाही.

तिसरी अडचण स्पॉयलरची. या कॅरिअरचे वरचे दोन हुक डिक्कीच्या दाराच्या वरच्या कडेला अडकतात आणि सगळं वजन तिथे लोंबतं. हॅचबॅकला त्या कडेवर प्लास्टिकचा स्पॉयलर असतो. पट्टा त्याच्यावरून गेला की खड्ड्यागणिक तो दाबला जातो आणि क्लिपा तुटतात. हुक पत्र्याच्या कडेलाच बसायला हवा, स्पॉयलरवर किंवा काचेवर नाही. तुमच्या गाडीत हुकाला पत्रा मिळत नसेल तर विषय तिथेच संपला.

इतकं ऐकूनही घ्यायचाच असेल, तर निदान एवढं करा. दार आणि पॅड ओल्या फडक्याने पुसून मगच लावा, धुळीचा एक कण पॅडखाली राहिला तर शंभर किलोमीटरमध्ये रंग घासून पत्रा दिसतो. सहाही पट्टे ताणल्यावर उरलेली शेपटी गाठ मारून बांधा. पाच-सात किलोमीटरवर थांबून पुन्हा ताणा, कारण पॅडचा फोम बसतो आणि पट्टे सैल पडतात. कॅरिअर पडतात ते बहुधा पहिल्या अर्ध्या तासात, याच कारणाने. टायर सायलेन्सरच्या तोंडासमोर येत नाही ना ते बघा, गरम धुराने रबर मऊ पडतं. तिरक्या दांड्याची लेडीज सायकल असेल तर सीटपोस्टपासून हँडलच्या स्टेमपर्यंत लावायची आडवी दांडी वेगळी मिळते. तिच्याशिवाय ती सायकल कॅरिअरवर तिरपीच लोंबते.

छपरावर लावणं मला मागच्यापेक्षा बरं वाटतं, खर्च पट्ट्यांच्या कॅरिअरच्या दहापट सहज जात असला तरी. प्लेट दिसते, दिवे दिसतात, डिक्की उघडते, मागे तीन माणसं बसतात. पण आधी गाडीच्या मॅन्युअलमध्ये छपरावर किती वजन चालतं ते काढा. कॅरिअर ज्यांवर बसतो त्या छपरावरच्या आडव्या बारची मर्यादा वेगळी लिहिलेली असते. दोन्हींपैकी कमी असेल तीच धरायची, आणि त्यातून बार आणि कॅरिअरचं वजन वजा करायचं. उदाहरणार्थ मर्यादा ५० किलो असेल, बार ६ किलो, दोन कॅरिअर ८ किलो, तर सायकलींना ३६ किलो उरले. तुमच्या दोन सायकली २९-३० किलो धरल्या तर जमलं. मर्यादा ३५ असेल तर एकच सायकल.

एक फसवणूक लक्षात घ्या. बऱ्याच छोट्या गाड्यांच्या छपरावर ज्या काळ्या किंवा चंदेरी रेल दिसतात त्या शोभेच्या असतात, टेपने चिकटवलेल्या किंवा क्लिपांवर बसवलेल्या. त्यांना बार बांधला तर रेलसकट सायकल रस्त्यावर येईल. साध्या छपराला दाराच्या चौकटीत आकड्यांनी पकडणारे बार लागतात, आणि त्यांचा जोडसंच गाडीच्या मॉडेलनुसारच घ्यावा लागतो. ‘सगळ्या गाड्यांना बसतो’ असं लिहिलेला संच टाळा. बोल्ट बारसोबत आलेल्या चावीने, कागदावर लिहिलेल्या मापापर्यंतच आवळा. जास्त आवळल्याने दाराच्या रबराखालचा पत्रा दबतो आणि पावसाळ्यात पाणी आत येतं. वीस-पंचवीस किलोमीटरवर एकदा तपासा.

सेलेरिओची उंची १५५.५ सेंमी, वर बार आणि सायकल मिळून पावणेतीन मीटर धरा. मॉलच्या आणि अपार्टमेंटच्या बेसमेंटचे आडवे दांडे सव्वादोन मीटरच्या आतबाहेर असतात, आणि सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या झाडांच्या फांद्या खाली येतात त्या वेगळ्या. दमून परत आल्यावर सायकल वर आहे हे माणूस हमखास विसरतो. ‘२.७५ मी’ लिहिलेली चिठ्ठी स्टिअरिंगला अडकवा, आणि पार्किंगचा रिमोट निघताना डिक्कीत टाका. दार उघडण्यासाठी खाली उतरावंच लागेल.

मायलेज. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ६० च्या जागी ९० ने गेलात तर सव्वादोन पट. छपरावर दोन सायकली असतील तर १०० च्या वेगाला मायलेजचा चौथाई ते तिसरा हिस्सा जातो, मागे लावल्या तर दहा-पंधरा टक्के. ६०-७० ला फरक बराच कमी. रामटेकचं जाणं-येणं शंभर किलोमीटर धरा. २२ चं मायलेज १६-१७ वर आलं तर दीड लिटर जास्त, म्हणजे दीडशे-एकशेसाठ रुपये. महिन्यातून एकदा हे काही जड नाही. खरी गळती बार वर्षभर छपरावर तसेच राहिल्याची असते. शिट्टी वाजते ती वेगळी. त्या दिवसाचं काम झालं की बार उतरवा. समृद्धीवर गाडीला १२० ची मुभा असली तरी छपरावर सायकली असताना ८० च्या वर जाऊ नका. कारण पेट्रोल नव्हे, ट्रक ओलांडताना बाजूने बसणारा वाऱ्याचा धक्का.

सायकली आत असोत की वर, आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका. मे महिन्यात दहाला परतून गाडी उन्हात लावली तर आतलं तापमान ६०-६५ पर्यंत जातं. पहाटे १०० पीएसआय भरलेल्या टायरमध्ये मग ११४-११५ होतात. त्यानेच टायर फुटत नाही, पण पंक्चरच्या जुन्या पॅचचं सोल्युशन मऊ पडतं आणि हवा कडेने निघते. सायकली आत ठेवून नाश्त्याला थांबणार असाल तर पंधरा-वीस पीएसआय सोडून द्या, सावलीची जागा मिळतेच असं नाही. बाहेरच्या कॅरिअरचे रबरी पट्टेही उन्हाने दोन उन्हाळ्यांत चिरतात. दर मार्चमध्ये वाकवून बघा, भेगा दिसल्या तर बदला.

मनीषनगरातून फक्त शहराची गर्दी ओलांडायची असेल, तर आपल्या मेट्रोत सायकल नेता येते, ऑटोमोटिव्ह चौकात उतरून कामठी रोडला लागा. पहिली गाडी तुमच्या वेळेला जुळते का तेवढं बघा.

पोहोचल्यावर जोडणी. चाक चिमट्यात पूर्ण वर बसलंय हे सायकल जमिनीवर उभी करून, तिचं वजन चाकावर येऊ देऊन पाहा, मगच खटका लावा. आडव्या सायकलीत चाक तिरकं बसतं. खटका अर्ध्यावर आला की जोर लागायला हवा आणि बंद करताना तळहातावर वळ उमटायला हवा. व्ही-ब्रेकची नळी परत अडकवा, चाक काढणारे निम्मे लोक हीच विसरतात आणि पहिल्या उतारावर लिव्हर हँडलला टेकतं. हायड्रॉलिक असेल तर दोन्ही लिव्हर आठ-दहा वेळा दाबा, आडव्या प्रवासात वर चढलेली हवा मागे जाऊ द्या. तरीही लिव्हर मऊच राहिलं तर त्या दिवशी सायकल चालवू नका, ब्रेक ब्लीड करून, म्हणजे तेलातली हवा काढून घ्या. मग हातांनी पेडल फिरवत सगळे गिअर एकदा बदलून बघा. सर्वांत मोठ्या चकतीवर डिरेलर आऱ्यांच्या किती जवळ जातो, ते मागून वाकून पाहा.